इसबगोल आणि सोनामुखी: बद्धकोष्ठावर कोणते, केव्हा, कसे घ्यावे

बद्धकोष्ठ नवे असेल, तर सुरुवात इसबगोलाच्या भुशीने करावी. तिच्यातील चिकट तंतू पाणी धरून फुगतात, मळ मऊ व भरीव करतात आणि त्या भरीवपणामुळे आतडे स्वतःच्या लयीने पुढे ढकलू लागते. एक चमचा भुशी पेलाभर पाण्यात ढवळून, घट्ट होण्याआधी लगेच प्यावी. वर आणखी पाणी घ्यावे. कोरडी भुशी कधीही गिळू नये, कारण ती घशात फुगून अडकू शकते. परिणामाला एक ते तीन दिवस लागतात, तेवढा धीर धरावा. इतर औषधे दोन तासांच्या अंतराने घ्यावीत.

सोनामुखीचे काम अगदी वेगळे आहे. तिच्या पानांतील सेनोसाइड्स मोठ्या आतड्यातील जिवाणूंनी विघटित केल्यावरच कार्यक्षम होतात, आतड्याचे आकुंचन वाढवतात आणि पाण्याचे शोषण कमी करतात; म्हणूनच रात्री घेतल्यास सकाळी, साधारण 6 ते 12 तासांनी, शौचास होते. वनस्पतिजन्य असली तरी ती सौम्य नव्हे, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आठवड्याहून अधिक घेऊ नये. पोटात तीव्र वेदना, उलट्या किंवा शौचातून रक्त असल्यास दोन्ही टाळून तातडीने तपासणी करून घ्यावी.