वारसा संवर्धनात येताय? आधी प्रॉपर्टी कार्ड वाचायला शिका

आर्किटेक्चर किंवा पुरातत्त्वाची पदवी घेऊन पुण्यात संवर्धनाच्या कामाला लागणाऱ्यांना सुरुवातीला कमानी आणि कोरीव खांबच दिसतात. साहजिक आहे. पण पेठेतल्या वाड्याचं भवितव्य ठरतं प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर. आजोबांच्या नावाखाली डझनभर वारस, त्यातले दोघं-तिघं परदेशात, शिवाय नाममात्र भाड्यावर राहिलेले भाडेकरू. एवढ्यांचं एकमत झाल्याशिवाय कडीपाटाची, म्हणजे लाकडी छताची, एक कडीसुद्धा बदलता येत नाही.

कायदा तोंडपाठ हवा. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र, ही तरतूद 2010 च्या दुरुस्तीने प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यातच आली. शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यांना ती पुरती ठाऊक आहे. 100 मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, पण 16 जून 1992 पूर्वीच्या इमारतीची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसतं. तेवढं समजावून सांगितलंत तरी लोक घरात बोलावून चहा देतात. मला स्वतःला ही सरसकट फूटपट्टी पटत नाही. स्मारक वाचतं, भोवतीचे वाडे ढासळतात.

जमिनीखालचं प्रकरण त्याहून बिकट. कात्रजच्या तलावातून पेठांतल्या हौदांना पाणी पुरवणारा पेशवेकालीन नळ शहराच्या पोटातून जातो. त्याचे उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा सुटायला बांधलेले मनोरे, अजून कुठेकुठे उभे दिसतात. पण खासगी इमारतीच्या पार्किंगसाठी खड्डा घेण्याआधी पुरातत्त्वीय पाहणी करा, असा सर्वसाधारण नियम आपल्याकडे नाही. 1878 चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा, असं तो सांगतो. जेसीबीवाला कशाला कळवतोय! म्हणून साइट सुपरवायझरशी ओळख ठेवा आणि खोदाई सुरू असताना तिथे उभे राहा. खापरं किंवा जुनं चुन्याचं बांधकाम दिसलं की मोजपट्टी ठेवून फोटो काढा, खोली लिहून घ्या, मग फोन फिरवा.

शिक्षणासाठी डेक्कन कॉलेज, दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ ही नावं तुम्हाला माहीत असतीलच. वर्गात न कळणारी गोष्ट म्हणजे ओल. जुन्या विटांच्या भिंतीला कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला असतो. वरून चकाचक. आत ओल कोंडते, वीट भुसभुशीत होते आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजायला लागतं. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सागवान असूनही तो सहज आत शिरला, तर रंगाचं बोलणं थांबवा आणि आधी टेकू लावायला सांगा.

सुरुवातीची वर्षं पैसे बेताचेच. मोजमापं आणि नकाशे करण्याचीच कामं जास्त मिळतात. ती नाकारू नका. चुन्याचं काम जाणणारा गवंडी भेटला तर त्याचा नंबर लगेच घ्या. असे गवंडी थोडे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यांना तेच हवे असतात.