कार्ड नंतर, आधी कागद-पेन

नागपूरहून भाच्याचा फोन. "मामा, ५०६० टीआय घेऊ की ९०६० एक्सटी?" म्हणजे गेम खेळायला ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ. मी विचारलं, "मॉनिटर कुठला आहे तुझ्याकडे?" पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "जुनाच आहे ना मामा, बाबांच्या ऑफिसातला." गेम ठरला होता, सायबरपंक २०७७. पैसे जमले होते. कार्ड पांढरं हवं की काळं, इथपर्यंत विचार झाला होता. फक्त ज्या पडद्यावर हे सगळं दिसणार, त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच जरा लावून लिहितोय. तुमचा गेम दुसरा असला तरी क्रम हाच ठेवा.

तर कागदावर पहिली ओळ मॉनिटरची. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जा आणि रिझोल्यूशन व हर्ट्झ हे दोन आकडे उतरवून घ्या. १०८०पी म्हणजे एका फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका चित्रात) सुमारे २०.७ लाख ठिपके, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे ८२.९ लाख, १०८०पीच्या बरोबर चौपट. हे ठिपके रंगवायचं काम कार्डाचं. हर्ट्झचं गणित वेगळं: पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, ते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. रस्त्यावरची माणसं कुठे चालली आहेत, गाडी कशावर आपटली, याचा हिशेब प्रोसेसरने तेवढ्या वेळात उरकून कार्डाच्या हातात द्यायचा. म्हणून रिझोल्यूशन वाढवलं की कार्ड दमतं आणि फ्रेम वाढवायला गेलं की प्रोसेसर. भाच्याचा मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झ निघाला. ४केच्या गप्पा तिथेच थांबल्या.

दुसरी ओळ गेमच्या मागणीची, आणि ती गेम बनवणाऱ्यांच्याच तक्त्यातून घ्यायची. सायबरपंक डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हाचा तक्ता आता कामाचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेट आणि फँटम लिबर्टी हा त्याचा पुढचा भाग आला आणि मागणी चढली. आता कमीत कमी म्हणजे जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं कार्ड, आय७-६७०० किंवा रायझन ५ १६०० आणि १२ जीबी रॅम. एवढ्यावर १०८०पीला, लो सेटिंगवर, ३० फ्रेम. त्याच्या पुढच्या पायरीवर, १०८०पी हायला ६० फ्रेम हव्यात तर आरटीएक्स २०६० सुपर आणि १६ जीबी रॅम. आणि दोन्हीकडे एसएसडी (वेगवान डिस्क) हवीच, ७० जीबी जागा मोकळी ठेवून. जुन्या हार्ड डिस्कचा विषय संपला.

या तक्त्यात एक गंमत आहे, ती घाईत निसटते. त्या दुसऱ्या पायरीवर कार्ड २०१९ सालचं चालतं, पण शेजारी प्रोसेसर लिहिलाय आय७-१२७०० किंवा रायझन ७ ७८००एक्स३डी. म्हणजे कार्ड मध्यम आणि प्रोसेसर चांगलाच वरचा. हा छापखान्याचा घोळ नाही. फँटम लिबर्टी यायच्या आधी खुद्द कंपनीच्या एका डेव्हलपरने लोकांना सावध केलं होतं की आठ कोरचा प्रोसेसर ९० टक्क्यांपर्यंत राबेल, कूलिंग तपासून घ्या. नाइट सिटीतली, म्हणजे गेममधल्या शहरातली, गर्दी प्रोसेसर चालवतो, कार्ड नाही. बरं, ७८००एक्स३डी नसला तर गेम चालत नाही असंही नाही. पण सगळे पैसे कार्डात ओतून प्रोसेसर "आहे तोच चालेल" म्हणणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

आता यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम, जे जवळजवळ कुणी करत नाही: आहे त्याच मशीनवर गेम चालवून बघणे. गेम विकत घेतलेला नसेल तर स्टीमवर घ्या. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात, आणि या चाचणीला अर्धा-पाऊण तास पुरतो. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका (कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं), पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम आणि कार्डाच्या वापराची टक्केवारी दिसू द्या. गेमच्या सेटिंगमध्ये बेंचमार्क (तयार वेगचाचणी) आहे, तो चालवा. पण त्यावर विसंबू नका. गर्दीच्या बाजारात जाऊन उभे राहा, मग गाडी काढून भरधाव दोन चौक मारा. कार्डाचा वापर ९७-९८ टक्क्यांना चिकटून असेल तर अडवणूक कार्डाची. तो ६०-७० वर रेंगाळतोय आणि तरी फ्रेम वाढत नाहीत, तर प्रोसेसर कमी पडतोय.

आणखी खात्री हवी असेल तर रिझोल्यूशन उतरवत न्या. भाच्याकडे होता रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५०. बाजारातल्या गर्दीत १०८०पी लोला ३८ फ्रेम. ७२०पीला ५२. आणखी खाली, चित्र पार फुटेपर्यंत उतरवलं, तरी ५५. त्याच्या पुढे काटा हलेना. हे ५५ म्हणजे त्याच्या प्रोसेसरचं छत. नवं कार्ड कितीही महाग आणलं असतं तरी त्या बाजारात त्याला ५५ च मिळाले असते, फक्त सुंदर दिसणारे ५५. गेममध्ये क्राउड डेन्सिटी नावाची सेटिंग आहे, ती कमी केली की छत जरा वर सरकतं. मात्र नाइट सिटीत येऊन रिकामे रस्ते बघायचे म्हणजे गणपतीत पुण्याला येऊन घरी बसण्यासारखं.

सरासरीबरोबर एक टक्का लोचा, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा, आकडाही लिहा. सरासरी ७० आणि एक टक्का लो २५ असेल तर हाताला २५ च जाणवतात. ऐन वळणावर गाडी अडखळते ती इथे.

हे झाल्यावर कार्ड. १०८०पीला, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा खराखुरा हिशेब) न लावता, ८ जीबीचं कार्ड आज निभावतं. पण रे ट्रेसिंग लावलं, त्यावर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) वाढवलं की कार्डाची मेमरी भरते आणि गेम झटके खायला लागतो. पाच वर्षं कार्ड बदलायचं नसेल तर १६ जीबी घ्या, असं माझं मत. इथे डबे नीट वाचा. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीतही येतं आणि १६ मध्येही, आरएक्स ९०६० एक्सटीचंही तसंच. नाव एक, खोका जवळपास एकसारखा. त्याहून वाईट म्हणजे आरटीएक्स ३०५०: त्याचं ६ जीबीवालं म्हणजे ८ जीबीवाल्याची नुसती मेमरी कमी केलेलं कार्ड नव्हे, आतली चिपसुद्धा कापलेली आहे, मेमरीकडे जाणारा रस्ताही (बस) अरुंद. "अहो, दोन जीबीचाच फरक आहे" म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या गाळ्यात जा.

एनव्हिडिया की एएमडी, यावर लोक सोसायटीच्या मीटिंगसारखे भांडतात. सायबरपंकपुरतं सांगतो. एप्रिल २०२३ मध्ये आलेलं पाथ ट्रेसिंग, म्हणजे रे ट्रेसिंगचा सगळ्यात जड प्रकार, तुम्हाला खरंच लावायचं असेल, पावसात भिजलेल्या रस्त्यावर निऑन पाट्यांचं प्रतिबिंब बघत उभं राहायचं असेल, तर एनव्हिडिया. त्या कामात ती कार्डं पुढे आहेत आणि डीएलएसएसने (लहान चित्र मोठं करायची एनव्हिडियाची युक्ती) चित्रही स्वच्छ राहतं. तो हट्ट नसेल तर एएमडीत तेवढ्याच पैशांत बहुधा जास्त मेमरी मिळते. फ्रेम जनरेशनचे मोठमोठे आकडे मात्र दोघांचेही बाजूला ठेवा. मधल्या फ्रेम बनवून घुसवल्याने चित्र गुळगुळीत दिसतं, माउस मात्र मूळ फ्रेमच्याच वेगाने उत्तर देतो. मुळात ३० असतील तर १०० दिसूनही हात जडच वाटतो.

भाच्याच्या बाबतीत एका बारीक गोष्टीने निकाल लावला. बी४५० बोर्डावर कार्ड बसतं तो स्लॉट पीसीआयई ३.० चा, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा. ५०६० टीआय हे कार्ड त्यातल्या आठच लेन (माहिती जायच्या वाटा) वापरतं, म्हणजे जुन्या बोर्डावर त्याचा रस्ता निम्म्याहून अरुंद होतो. ९०६० एक्सटी सोळा लेनचं. मेमरी पुरेशी असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही, पण जुनाच बोर्ड ठेवायचा असेल तर सोळा लेन बऱ्या. ठरलं, ९०६० एक्सटी, १६ जीबी.

प्रोसेसरला त्याला नवा बोर्ड घ्यावा लागला नाही, कारण त्याच्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) रायझन ५००० मालिकेपर्यंत जाता येतं. रायझन ५ ५६०० घेतला. शेजारी ५५०० थोडा स्वस्त दिसतो. त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मी आहे, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि गेमला कॅश फार प्यारी. नावात एक्स३डी असलेल्या प्रोसेसरांची किंमत त्याचसाठी मोजतात. ७८००एक्स३डीत ती ९६ एमबी आहे. सगळंच नवं घेत असाल तर एएम५ या नव्या सॉकेटवर जा, पुढे प्रोसेसर बदलायची वाट मोकळी राहते. डीडीआर५ रॅमचा खर्च मात्र धरा. इंटेलचा आय५-१२४००एफसुद्धा साध्या बजेटला प्रामाणिक आहे, पण शेवटचा एफ लक्षात ठेवा: त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं की पडदा काळा. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचा वरचा प्रोसेसर वापरलेला घेत असाल तर बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलाय का विचारा. व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत होते, हे २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं आणि अपडेट दिले.

विजेचं थोडक्यात. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) "४५० वॉट" म्हणतो, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. १६५० ला बऱ्याचदा वेगळी वायर लागत नाही, म्हणून जुन्या एसएमपीएसला कार्डाची आठ पिनांची वायर आहे की नाही हे कुणी पाहिलेलंच नसतं. झाकण उघडून बघा. चांगल्या कंपनीचा ५५०-६५० वॉटचा घ्या. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॉटचाच, हे लक्षात ठेवा, नाहीतर लाइट जाताक्षणी तोही जातो. झाकण उघडंच आहे तर टेप घेऊन कॅबिनेटमधली कार्डाची जागा मोजा. आणि नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांत खोलीतली हवाच तापलेली असते, तेव्हा पुढचे पंखे आणि धुळीची जाळी यांना दागिना समजू नका.

दुकानात जाताना मॉडेलचं पूर्ण नाव कागदावर लिहून न्या. मी एकदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणलं, जीएसटीसकट पक्कं बिल, सगळं कसं रीतसर. आठ महिन्यांनी पंखा खरखरायला लागला तेव्हा बिल काढलं, तर त्यावर लिहिलेलं: "ग्राफिक्स कार्ड, १ नग". ना मॉडेल, ना सीरियल नंबर. दुकानदार म्हणाला, हे आमच्याकडचंच कशावरून? तेव्हापासून मी काउंटरवरच डबा उघडतो, कार्डावरचा सीरियल नंबर मोबाइलच्या उजेडात वाचतो आणि तो बिलावर उतरेपर्यंत हलत नाही. वापरलेलं कार्ड घेणार असाल तर ते चालू मशीनवर, गेम पंधरा मिनिटं पळवून घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग (कार्डांवर डिजिटल नाणी कमावणं) बंद पडल्यावर रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं बाजारात आली. जीपीयू-झेड हे कार्ड ओळखणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं असेल तर ते सरळ "फेक" लिहून दाखवतं.

घरी आल्यावरचा क्रम चुकवू नका. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायॉस अपडेट करायचा, मग तो काढायचा. आधी काढला तर ५६०० ला न ओळखणारा बोर्ड आणि काळा पडदा, एवढंच हाती उरतं. रॅमच्या दोन पट्ट्या एकआड एक, बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ ने चालत बसते. विंडोजमध्ये हर्ट्झ मॉनिटरच्या कमाल आकड्यावर न्या.

रविवारी रात्री पुन्हा फोन आला. "मामा, सगळं लावलं, पण चित्रच येत नाहीये." मी म्हटलं व्हिडिओ लाव, मागची बाजू दाखव. एचडीएमआयची केबल वर मदरबोर्डाच्या भोकात होती. खाली नव्या कार्डाच्या सगळ्या पोर्टांवर प्लॅस्टिकची टोपणं अजून तशीच.