एनसीएए (अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल) फायनलवर करार घेताना

कॅल्शी या घटनांच्या निकालांवर करार विकणाऱ्या अमेरिकी बाजारावर तुमचा संघ जिंकला तर प्रत्येक कराराला १ डॉलर, हरला तर शून्य. भाव ६२ सेंट म्हणजे बाजाराच्या मते शक्यता साधारण ६२ टक्के. शुल्काचं नेहमीचं सूत्र ०.०७ × करार × भाव × (१ − भाव), भाव डॉलरमध्ये. म्हणजे १०० करारांना १.६५ डॉलर, आणि ना नफा ना तोटा ही पातळी थेट ६३.६५ टक्क्यांवर. तुमचा अंदाज त्याहून बराच वर नसेल तर घेऊच नका.

लिमिट ऑर्डरच (आपण ठरवलेल्या किंवा त्याहून स्वस्त भावालाच खरेदी) टाका आणि सामना सुरू होण्याआधी पूर्ण न झालेली रद्द करा. नाहीतर भाव कोसळतानाच ती पूर्ण होते! २०२५ मध्ये ह्यूस्टन उत्तरार्धात १२ गुणांनी पुढे होतं, तरी फ्लोरिडा ६५-६३ जिंकलं. आघाडी पाहून महाग करार घेऊ नका.

भारतातून हे करू नका, २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे.