मॅक्रोने पगारपत्रकं पाठवताना आधी ‘डिस्प्ले’, मग ‘सेंड’

एक्सेलमध्ये एका रकान्यात नाव, दुसऱ्यात ईमेल, तिसऱ्यात फाइलचा पूर्ण पत्ता (ड्राइव्हपासून एक्स्टेन्शनपर्यंत) लिहिला, की मॅक्रो (एक्सेलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्राम) एकेक ओळ वाचून आउटलुकमधून प्रत्येकाला त्याची फाइल पाठवू शकतो. मॅक्रो असलेली वर्कबुक ‘एक्सएलएसएम’ म्हणूनच सेव्ह करा. ‘एक्सएलएसएक्स’मध्ये मॅक्रो टिकत नाही.

कोडच्या शेवटी ‘सेंड’ असतं, तिथे सुरुवातीला ‘डिस्प्ले’ लिहा. मेल जात नाही, नुसता उघडतो. दोन-तीन ओळींवर चालवून नाव, ईमेल आणि जोडलेली फाइल एकाच माणसाची आहे ना, हे डोळ्यांनी बघा. फक्त ईमेलचा रकाना सॉर्ट झाला असेल, तर एकाची पगारपत्रकं दुसऱ्याच्या हातात जातात, आणि मग ऑफिसात काय होतं ते सांगायला नको. फाइल जोडण्याआधी ‘डिर’ फंक्शनने ती जागेवर आहे का तपासा. नसेल तर ती ओळ सोडून चौथ्या रकान्यात ‘फाइल नाही’ अशी नोंद करा. मेल गेला की तिथेच तारीख-वेळ टाका. मॅक्रो मध्येच थांबला तर पुन्हा कुठून सुरू करायचं ते लगेच कळतं.

चालू वर्कबुकच जोडायची असेल तर आधी सेव्ह करा, नाहीतर जुनीच प्रत जाते.

नव्या आउटलुकमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत, जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुक लागतं. गूगल शीट्सवाल्यांना मॅक्रोच्या जागी अ‍ॅप्स स्क्रिप्ट आहे, पण साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला 100 जणांनाच पाठवता येतं.