कोंबडीच्या आतड्यापासून सुरुवात

फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं याचा अभ्यास, घ्यायची म्हणून खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं हल्ली विचारायला येतात. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि मायक्रोस्कोप असतो. माझी सुरुवात मात्र बेळगावात, सकाळी साडेसातला, कोंबडीच्या दुकानात झाली.

"ताई, नुसतं आतडंच पाहिजे?"

"होय मामा, आत्ता कापलेल्या कोंबडीचं. शिळं चालत नाही."

"कुत्रं पाळलंय काय?"

हो म्हणून टाकलं. आतडं मिठा-साखरेच्या गार द्रावणात, स्टीलच्या डब्यात, आणि मी रिक्षात.

लॅबमध्ये त्या आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, तोंड बंद होणार नाही अशा बेतानं दोन्ही टोकांना दोरा ओवायचा आणि ३७ अंशांच्या द्रावणात टांगायचा. खालून हवेचे बुडबुडे. वरचा दोरा एका हलक्या काडीला, आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या, हळूहळू फिरणाऱ्या ड्रमला टेकलेलं. ॲसिटिलकोलीनचा, म्हणजे स्नायूला आकसायला लावणाऱ्या द्रव्याचा, थेंब सोडला की मेलेल्या कोंबडीचं आतडं आकसतं आणि काजळीवर पांढरी रेघ वर चढते. डोस दुप्पट केला तर रेघ वाढते, पण दुप्पट नाही. पुढे पुढे कितीही ओता, तिथंच थांबते. मग ॲट्रोपिन, त्याला अडवणारं औषध, घालायचं: तोच डोस आता रेघ जेमतेम हलवतो. ॲसिटिलकोलीन भरपूर वाढवलं की रेघ पुन्हा उठते. म्हणजे दोघं एकाच जागेसाठी भांडताहेत. त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. हा शब्द मी परीक्षेत दोनदा लिहून आले होते. कळला त्या दिवशी.

त्याआधी पहिले दोन दिवस वाया गेले होते, तेही सांगते. द्रावण करताना घाईत कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा एकदमच टाकला. पाणी दुधासारखं झालं. कॅल्शियम खाली बसलं, आणि त्याच्याशिवाय स्नायू आकसणार कसा? कॅल्शियम शेवटी, भरपूर पाणी घातल्यावर. हे कुणीतरी ओरडल्याशिवाय लक्षात राहत नाही.

आमच्याकडे कुठल्याही पाल्याची परीक्षा एका शब्दात होते: गुण आला. गुडघा सुजला, आजीनं निर्गुंडीचा शेक दिला, चार दिवसांत उतरला, गुण आला. शेक दिला नसता तर किती दिवसांत उतरला असता, हे कोण बघतो? ते बघणं हाच आमचा धंदा.

एम.फार्म.ला मी निर्गुंडीच्याच पानांचा अर्क घेतला. प्राण्यांवरच्या प्रयोगांची नैतिक समिती असते. किती उंदीर, कशासाठी, एवढेच का, हे तिला पटल्याशिवाय एकाला हात लावता येत नाही. परवानगी मिळाल्यावर उंदरांच्या पंजात कॅराजीनन टोचून सूज आणली. एका गटाला अर्क, एकाला डायक्लोफिनॅक हे सुजेवरचं नेहमीचं औषध, एकाला काहीच औषध नाही. घोट्यावर शाईची खूण करायची, तिथपर्यंत पंजा पाऱ्याच्या नळीत बुडवायचा आणि पारा किती चढला ते लिहायचं. आकडे झकास आले. गाईडनी एवढंच विचारलं, "मोजताना कुठला उंदीर कुठल्या गटातला, हे तुला माहीत होतं?" माहीत होतं की! पुढच्या खेपेला मैत्रिणीनं पिंजऱ्यांना नंबर लावले आणि यादी स्वतःकडे ठेवली. अर्काचा परिणाम निम्म्यावर आला. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. अर्कवाल्या उंदराचा पाय नकळत, खूण पाऱ्याच्या केसभर वर राहील असा धरला जात होता, एवढंच. माणसांवरच्या चाचण्यांत रुग्णाला आणि डॉक्टरलाही गोळी कुठली ते कळू देत नाहीत, ते ह्याचसाठी.

धीर किती लागतो ते नरक्याकडून शिकावं. घाटाकडच्या जंगलातलं, घाण वासाच्या फुलांचं हे झाड. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळं केलं. काही वर्षांतच ते आपल्या नरक्यातही सापडलं. कॅन्सरवर चालेल म्हणून माणसांना देऊन पाहिलं, तर मूत्राशयातून रक्त जायला लागलं. चाचण्या बंद. ते पेशीतल्या टोपोआयसोमरेज नावाच्या एन्झाइमला अडवतं, हे १९८५ मध्ये कळलं, आणि रेणूत फेरफार करून केलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली १९९६ मध्ये. मधली तीस वर्षं कुणीतरी पगारावर, कुणीतरी फेलोशिपवर काढलीच असतील.

आता वाट. दुसरी पीयूसी, म्हणजे बारावी, सायन्समधून करून केसीईटी ही कर्नाटकची प्रवेश परीक्षा दिली की इथंच बी.फार्म. होतं. सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्राच्या सीईटीत 'ई' प्रकारातून अर्ज करता येतो; बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं. जीपॅट ही एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा काढलीत तर शिकताना दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती. हातखर्च घरी मागावा लागत नाही, हे मुलींसाठी तरी मोठं आहे. बेळगावातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे. एकदा जाऊन बघा. इंग्रजीची धास्ती घेऊ नका, पण संख्याशास्त्र टाळू नका. मी टाळलं आणि नंतर रात्री जागून भरलं.

नवा रेणू शोधायच्या नोकऱ्या थोड्या आणि त्यांना बहुधा पीएच.डी. लागते. आमच्या बॅचमधले निम्मेअधिक लोक फार्माकोव्हिजिलन्समध्ये आहेत, मीही. म्हणजे बाजारात आलेल्या औषधानं कुणाला काय त्रास झाला त्याची नोंद. सुरुवातीला मला हे कारकुनी वाटायचं. पण चाचणीत हजार-दोन हजार माणसं असतात. दहा हजारांत एकाला होणारा त्रास तिथं दिसणार कसा?

गेल्या दिवाळीत त्याच दुकानात गेले. मामांनी काउंटरखालून गोळ्यांची पट्टी काढली. "ताई, तुम्ही औषधातल्या ना? बीपीची ही गोळी चालू केल्यापासून पाय सुजतात बघा."

पट्टीवर अम्लोडिपिन. घोट्याची सूज हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम. मनानं बंद करू नका, उद्याच डॉक्टरांना दाखवा, म्हटलं. मग औषधाचा त्रास कळवायचा १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर पट्टीमागे लिहून दिला, आणि गोळी कधी चालू केली, सूज कधी आली, दुसरं काय घेता, हे त्यांना विचारून एका कागदावर उतरवलं. डॉक्टर हेच विचारणार होते.

मामांनी कागद घडी करून गल्ल्यात ठेवला. "आणि कुत्रं कसं आहे?"