चटई, ईसीजी आणि सकाळचे तीन ठोके

माणसाच्या अंगाखाली फायबरची चटई घालून रात्रभर हृदयाचे ठोके नोंदवायचे आणि ते ईसीजीशी ताडून बघायचे, त्याची ही तयारी. चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, संमतीचा कागद. हे कोणी विसरत नाही. विसरतात ते सकाळचे तीन ठोके, म्हणजे दोन्ही नोंदींची वेळ जुळवायला बोटाने मारायचे ठोके. मागच्या वेळी तेच राहिले आणि आठ तासांची नोंद ईसीजीशी जुळवताच आली नाही. म्हणून आधीच लिहून ठेवतो, पुढेही लिहीन.

चटईत मल्टिमोड फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी जाड गाभ्याची तार, दोन जाळ्यांमध्ये धरलेलं असतं. हृदयाच्या ठोक्याने अंग सूक्ष्म हललं की फायबर तेवढंच वाकतं, थोडा प्रकाश गळतो आणि प्रकाश मोजणाऱ्या फोटोडायोडला ते कळतं. पॅचकॉर्ड, म्हणजे चटई डब्याला जोडणारी फायबरची वायर, नारिंगी किंवा अ‍ॅक्वा रंगाचीच घ्या. पिवळी बहुधा सिंगलमोड, म्हणजे बारीक गाभ्याची निघते. ५० मायक्रॉनच्या गाभ्यातला प्रकाश ९ मायक्रॉनच्या गाभ्यात मावत नाही, आणि मग लोक रात्री दहाला प्रकाश देणारा एलईडी बदलत बसतात. कनेक्टरची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कागदाने पुसा. शर्टाच्या टोकाने नको. चालू फायबरच्या तोंडात डोकावू नका.

एलईडीचा करंट माणूस चटईवर आडवा झाल्यावर ठरवा. रिकाम्या चटईवर काटा मधोमध आणून ठेवला, वर ऐंशी किलोचे आप्पा झोपले, की सिग्नल तळाला जातो आणि रात्रभर सपाट रेघ मिळते.

अंथरुणाचं आदल्या दिवशीच विचारून घ्या. कापसाच्या जाड गादीखाली चटई घातली तर गादी ठोका गिळून टाकते. गादीच्या वर, एका गोधडीखाली, छातीच्या पातळीला घाला. सुतळीची खाट झोळी होते, तिच्यावर १२ मिलिमीटरचा प्लायवूड टाका. मे महिन्यात भुसावळ-अमळनेरकडे माणूस घरात झोपेल हे गृहीत धरू नका. गच्चीवर किंवा धाब्यावर जायचं तर १५ मीटरची पॅचकॉर्ड लागेल. फायबर लांबलं तरी विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण त्यात शिरत नाही, ती चिंता फक्त इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्याची. नातवंडाला शेजारी झोपवू नका, त्याचाही ठोका उतरतो.

पंखा! छताचा पंखा मिनिटाला ३०० ते ३६० फेरे मारतो, म्हणजे ५ ते ६ हर्ट्‌झ, आणि हृदयाचा सिग्नल मुख्यतः १ ते १० हर्ट्‌झमध्येच असतो. लोखंडी पलंगाच्या पायांखाली पोत्याच्या घड्या ठेवा. कूलर पलंगाला टेकलेला नको. मग पंखा चालू ठेवून रिकाम्या चटईची दोन मिनिटांची नोंद घ्या आणि वर्णपटात, म्हणजे कोणत्या हर्ट्‌झला किती हालचाल आहे त्या आलेखात, ५ ते ६ हर्ट्‌झपाशी टोक दिसतंय का बघा. दिसलं तर पंख्याचा वेग बदला. उकाड्यात पंखा बंद करायला सांगाल तर माणूसच उठून जाईल.

आता ठोके. ईसीजीचं घड्याळ वेगळं, चटईचं वेगळं. दोघांत दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी आठ तासांत जवळपास दीड सेकंद होतो. ईसीजीत प्रत्येक ठोक्याला जे उंच टोक दिसतं ते ‘R’; त्यानंतर चटईच्या नोंदीतलं मुख्य टोक, ‘J’, साधारण पाव सेकंदात येतं; दीड सेकंदाच्या घोळात कोणता ठोका कोणाचा ते कळणार नाही. म्हणून माणूस चटईवर असतानाच छातीवरच्या इलेक्ट्रोडवर बोटाने टक, टक, थांबून टक. दोन्ही नोंदींत खूण उमटते. हे झोपताना सगळे करतात. पण फक्त झोपतानाच्या खुणेने घड्याळं सुरुवातीलाच जुळतात, किती सरकली ते कळत नाही. सकाळी उठायच्या आधी, आडवं असतानाच, पुन्हा तेच. चिठ्ठी लिहून उशीच्या अभ्र्याला टाचा: ‘उठण्याआधी तीन ठोके.’ घरातल्या वहिनींनाही सांगून ठेवा, माणूस झोपेत ऐकत नाही.

शेतकऱ्याच्या घरी रात्रीच्या थ्री-फेजची पाळी आहे का, संध्याकाळीच विचारा. असेल तर दोनला केळीचं पाणी लावायला तो जाणारच. जाण्याआधी ठोके, परत आडवा झाल्यावर ठोके. लाइट गेली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं, तरी नवे ठोके. पॉवर बँकवरच चालवा म्हणजे ही वेळ येत नाही.

घामाने इलेक्ट्रोड सुटतात: त्वचा स्पिरिटने पुसा, केस काढा, दहा जास्तीचे ठेवा. नमुने सेकंदाला २५० पुरे. ही तपासणी निदानासाठी नाही. छातीत दुखलं तर चटई सोडा, दवाखाना गाठा.

सकाळी: फाइल दोन ठिकाणी, नावात तारीख. चटई गुंडाळा, घडी घालू नका. इलेक्ट्रोड काढण्याआधी विचारा, ठोके झाले का? नसतील तर पुन्हा आडवं करा.