नववी ते बारावी: ग्रेड, एसएटी आणि कॉलेजची तयारी

अमेरिकेत पोरगं नववीत गेलं की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या टेस्टचा, क्लास कुठला लावायचा. मीही तोच विचारला होता. आपण सगळे दहावी-बारावीच्या बोर्डात वाढलेलो, एक मोठी परीक्षा आणि तिच्यावर सगळं, त्यामुळे इथेही आपण तशी परीक्षा शोधत बसतो. इथे बोर्ड नववीच्या पहिल्या दिवशी सुरू होतं आणि जवळजवळ चार वर्षं चालतं, एसएटी हा त्यातला एक पेपर समजा, आणि तोही काही कॉलेजं बघतच नाहीत.

म्हणून आधी ट्रान्सक्रिप्ट. म्हणजे सगळे विषय आणि ग्रेड एका कागदावर. ए ला ४, बी ला ३, सी ला २ धरून सरासरी काढली की झाला जीपीए. बऱ्याच शाळा ऑनर्स (जरा अवघड पातळीचे) आणि एपी (शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे) विषयांना वरून जास्तीचा पॉइंट देतात, म्हणून वेटेड जीपीए ४ च्या वर जातो. पार्टीत कुणी ४.६ सांगितला तर लगेच आपल्या पोराकडे बघू नका, प्रत्येक शाळेचं गणित वेगळं असतं आणि बरीच कॉलेजं आपल्या पद्धतीने जीपीए परत काढतात. कॅलिफोर्नियाची सरकारी युनिव्हर्सिटी, यूसी घ्या, तिच्या जीपीएमध्ये नववीनंतरच्या सुट्टीपासून अकरावीनंतरच्या सुट्टीपर्यंतचेच ग्रेड धरतात, आणि अ‍ॅडमिशन देताना एसएटी किंवा तिच्यासारखीच दुसरी टेस्ट, एसीटी, विचारातच घेत नाहीत.

विषय कुठले घेतले यालाही तेवढंच वजन. सगळ्यात जास्त गोंधळ गणिताचा. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर नेहमीची पायरी अशी: आठवीत अल्जेब्रा १, मग जॉमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि शेवटी कॅल्क्युलस. अल्जेब्रा १ नववीत सुरू झालं असेल तर एक पायरी कमी पडते, ती सुट्टीत कोर्स करून किंवा एकाच वर्षी दोन विषय घेऊन भरता येते, पण ते नववीतच काउन्सेलरशी बोलून ठरवा, अकरावीत आठवून उपयोग नाही. इंजिनिअरिंग मनात असेल तर हे आधी बघा, क्लासचं नंतर.

एपी किती घ्यायचे? दहावीत एखादा घेऊन झेपतंय का बघा, मग वाढवा. सहा एपी घेऊन रात्री दोनपर्यंत जागणारी आणि सगळीकडे बी-सी आणणारी मुलं मी बघितलीत, त्यात काही शहाणपण नाही. आणि हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं की एपीच्या वर्गातला ग्रेड वेगळा आणि मे महिन्यातल्या परीक्षेचा १ ते ५ स्कोर वेगळा, परीक्षेचा स्कोर जीपीएमध्ये मिसळत नाही.

आता ग्रेड कुठे जातात? बहुतेक वेळा परीक्षेत नाही, न दिलेल्या असाइनमेंटमध्ये. सारख्या वजनाच्या चार कामांत ९० आणि पाचव्यात शून्य, सरासरी किती? ७२! ए चा थेट सी. म्हणून दर रविवारी दहा मिनिटं शाळेचं ग्रेड दाखवणारं पोर्टल उघडून फक्त मिसिंग काय आहे ते बघायचं, ओरडायचं नाही, आणि शिक्षकांना ईमेल मुलानेच करायचा, आपण नाही.

टेस्टची तयारी दहावीनंतरच्या सुट्टीत सुरू केली तरी पुरते. ब्लूबुक अ‍ॅपवर एसएटीच्या पूर्ण प्रॅक्टिस टेस्ट फुकट आहेत, एक ती द्यायची आणि एक एसीटीची, जी बरी जाईल ती धरायची, दोन्हीच्या मागे लागू नका. एसएटी आता लॅपटॉपवर असते, २ तास १४ मिनिटं, इंग्लिशचे ५४ आणि गणिताचे ४४ प्रश्न, एकूण १६००. प्रत्येक भागाचे दोन मॉड्यूल, पहिलं कसं गेलं त्यावर दुसरं सोपं की अवघड ते ठरतं, म्हणजे पहिल्या मॉड्यूलमध्ये घाई महागात पडते. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. गणितात डेस्मॉस कॅल्क्युलेटर अ‍ॅपमध्येच मिळतो, तो हाताला बसला पाहिजे.

टेस्टवर टेस्ट देऊन स्कोर वाढत नाही हे आम्ही चार टेस्ट वाया घालवून शिकलो. एक वही करा. चुकलेला प्रत्येक प्रश्न तिथे लिहायचा आणि पुढे कारण: येतच नव्हतं, वाचताना चुकलं, की वेळ संपला. येतच नव्हतं तर तो टॉपिक शिका, त्यासाठी खान अकॅडमी पुरते. आमच्याकडे निम्म्याहून जास्त चुका वाचण्याच्या निघाल्या आणि क्लास मात्र गणिताचा लावला होता!

अकरावीत ऑक्टोबरची पीएसएटी, म्हणजे एसएटीआधीची सरावाची टेस्ट, नीट द्या, नॅशनल मेरिट स्कॉलरशिपसाठी तीच धरतात. खरी एसएटी दोनदा, फार तर तीनदा. बरीच कॉलेजं दोन तारखांमधले चांगले सेक्शन जोडून सुपरस्कोर करतात.

स्कोर पाठवायचा की नाही? कॉलेजच्या नावापुढे कॉमन डेटा सेट (कॉलेजने स्वतः दिलेली आकडेवारी) असं टाकून सर्च करा. त्यात सी ७ मध्ये ते कॉलेज कशाला किती महत्त्व देतं ते असतं आणि सी ९ मध्ये तिथे प्रत्यक्ष दाखल झालेल्या मुलांचे स्कोर, त्यात मधल्या निम्म्या मुलांचा पट्टाही कळतो. टेस्ट ऑप्शनल, म्हणजे स्कोरची सक्ती नसलेलं, कॉलेज असेल आणि आपला स्कोर त्या मधल्या पट्ट्यात किंवा वर असेल तर पाठवा, बराच खाली असेल तर राहू द्या. पण नियम बदलत राहतात, एमआयटीने २०२२ मध्ये टेस्ट परत सक्तीची केली, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउनने २०२४ मध्ये, त्यामुळे त्या वर्षीची वेबसाइटच बघा.

शिफारसपत्रासाठी शिक्षकांना अकरावी संपायच्या आत विचारा. कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं, निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, आणि अर्ली अर्ज बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबरपर्यंत. अर्ली डिसिजन म्हणजे मिळालं तर जायचंच, फीचं घरी बोलून झाल्याशिवाय त्यावर सही करू नका.

आणि बारावीचे ग्रेडही जातात. अर्ध्या वर्षाचा रिपोर्ट जातो, शेवटी फायनल ट्रान्सक्रिप्ट जातं, फारच घसरण दिसली तर कॉलेज खुलासा मागतं, कधी ऑफर मागेही घेतं, त्यामुळे एप्रिलमध्ये कॉलेजचा टीशर्ट घालून सोफ्यावर पडलेल्या पोराला कॅल्क्युलसचा होमवर्क अजून द्यायचाय याची आठवण करावीच लागते.